गुपिताची वाटणी

लाखेच्या मुद्रेने बंद केलेले लिफाफे, कचेरीच्या व्हरांड्यात ठेवलेली कुलूपबंद निविदापेटी आणि दुपारचे तीन कधी वाजतात याकडे डोळे लावून बसलेले कंत्राटदार हे दृश्य सरकारी कार्यालयांतून आता जवळजवळ नाहीसे झाले आहे. त्या पद्धतीतील प्रत्येक बारीकसारीक उपचारामागे मात्र अनुभवाने शिकवलेले एक कारण होते. लिफाफा वेळेआधी उघडला, तर एकाने भरलेला दर दुसऱ्याच्या कानी जाई, आणि त्याहून थोडा कमी दर लावून काम पदरात पाडून घेणे मग मुळीच अवघड नसे. म्हणून पेटीची किल्ली एकट्याच्या हाती ठेवीत नसत. उलट पक्षी, किल्ली बाळगणारा अधिकारी ऐन दिवशी रजेवर गेला, तर पेटी उघडेना, काम सुटेना, आणि पावसाळा तोंडावर आला तरी पुलाचा पाया खणला जात नसे. एकट्यावर विसंबू नये आणि एकट्यावाचून अडूही नये, अशा दोन परस्परविरोधी गरजा त्या पेटीभोवती उभ्या होत्या. पेटी गेली, तिच्या जागी संगणक आला. पण या दोन गरजा होत्या तेथेच आहेत.

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, कांचीपुरम जिल्ह्यात ओरगडम नावाचे गाव आहे. एकेकाळच्या या शेतीच्या मुलखात आता मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने दूरवर पसरले आहेत. रेनॉ आणि निस्सान या दोन कंपन्यांचा संयुक्त मोटार कारखाना तेथे २०१० साली सुरू झाला, आणि मोठ्या कारखान्याच्या आधाराने लहान कारखाने उभे राहतात हा नियम येथेही खरा ठरला. अशाच एका लहान कारखान्याची कल्पना करू. त्याचा मालक लोखंडी नळ्या वाकवून रुग्णालयातील खाटांचे सांगाडे तयार करतो. महाराष्ट्रातील एखाद्या सरकारी रुग्णालयासाठी निघालेल्या निविदेत त्याला दर भरावयाचा आहे. पूर्वी त्याला मुंबईची गाडी पकडावी लागली असती, किंवा टपालखात्यावर हवाला ठेवावा लागला असता. आज तो ओरगडमलाच बसून महाराष्ट्र शासनाच्या निविदा संकेतस्थळावर आपली कागदपत्रे चढवतो. योगायोगाची गोष्ट अशी की, हे संकेतस्थळ ज्या संगणक प्रणालीवर चालते, ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या चेन्नई येथील शाखेत विकसित झाली. तमिळनाडूसह अनेक राज्ये आणि केंद्र सरकारची खाती तीच वापरतात. आपला लिफाफा ज्या तिजोरीत पडणार आहे, ती आपल्याच शेजारी घडवली गेली, हे त्या कारखानदाराला बहुधा ठाऊकही नसावे.

त्याने चढवलेल्या कागदाचे पुढे काय होते, हे या पद्धतीच्या निविदांच्या सूचनापत्रकांतच छापलेले असते. मात्र ते वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. कागदपत्र प्रथम प्रणालीनेच निर्माण केलेल्या एका किल्लीने गूढलिपीत बदलले जाते. त्यानंतर ती किल्लीही निविदा उघडण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यांच्या ‘सार्वजनिक’ किल्ल्यांनी पुन्हा गूढ केली जाते.

येथे दोन प्रकारच्या किल्ल्यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. पहिल्या प्रकारात कुलूप लावणारी आणि उघडणारी किल्ली एकच असते. घरच्या कुलपासारखाच हा प्रकार, आणि तो अतिशय वेगवान. या प्रकारची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, ती जोन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी रचली व अमेरिकेने २००१ साली ती प्रमाण म्हणून स्वीकारली. दुसऱ्या प्रकारात किल्ल्यांची जोडी असते. एक किल्ली सर्वांना खुशाल वाटावी, तिने कुलूप केवळ लागते. उघडते ते जोडीतील दुसऱ्या, खाजगी किल्लीनेच. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली ही विलक्षण कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात उतरवून दाखवली. यांपैकी शमीर हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे. निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्याची खाजगी किल्ली त्याच्या डिजिटल स्वाक्षरीच्या लहानशा उपकरणात असते. ते उपकरण संगणकाला जोडून आणि आपला परवलीचा अंक देऊन तो आपला अधिकार बजावतो.

आता प्रश्न असा की, असे अधिकारी किती असावेत? एकच असेल तर जुन्या पेटीचे दोन्ही दोष जसेच्या तसे परत येतात. म्हणून निविदा उघडण्यासाठी, उदाहरणार्थ, चार अधिकारी नेमून त्यांपैकी कोणतेही दोन उपस्थित असले की पुरे, असा नियम ठेवण्याची सोय असते. सहकारी संस्थांच्या सभासदांना ‘गणपूर्ती’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे. ठराविक संख्येने सभासद जमल्याखेरीज सभा होत नाही. पण अमुकच सभासद हवेत असेही नसते. कुलपाला गणपूर्तीचा नियम लावावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

लोखंडी कुलपांनी हे साधेल काय? साधते, पण कसे ते पाहण्यासारखे आहे. चार अधिकाऱ्यांसाठी पेटीला चार कुलुपे लावावी. पहिल्या कुलपाची किल्ली पहिला अधिकारी सोडून बाकीच्या तिघांना द्यावी, दुसऱ्या कुलपाची दुसरा सोडून बाकीच्यांना, याप्रमाणे. प्रत्येकाजवळ तीन किल्ल्या झाल्या, आणि प्रत्येकाला नेमके एक कुलूप उघडत नाही. एकटा अधिकारी त्या एका कुलपापाशी अडतो. दुसरा कोणीही आला की ते उघडते. युक्ती चांगली आहे, पण माणसे वाढली की ती हाताबाहेर जाते. सी. एल. लिऊ यांनी गणनशास्त्रावरील आपल्या १९६८ सालच्या ग्रंथात याच जातीचे एक कोडे घातले आहे. अकरा शास्त्रज्ञ एका गुप्त योजनेवर काम करीत आहेत आणि सहाजण जमल्याशिवाय कपाट उघडू नये, अशी त्यांची इच्छा आहे. उत्तर येते ४६२ कुलुपे, आणि प्रत्येकाच्या जुडग्यात २५२ किल्ल्या! असा जुडगा कमरेला लावून कोणीही शास्त्रज्ञ प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणार नाही.

हेच कोडे पुढे ठेवून शमीर यांनी १९७९ साली एक अत्यंत छोटा निबंध लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेतील जॉर्ज ब्लेकली यांनीही स्वतंत्रपणे, भूमितीच्या वेगळ्या वाटेने, याच मुक्कामाला येऊन दाखवले. शमीर यांची युक्ती शालेय भूमितीतील एका विधानावर उभी आहे: दोन बिंदूंतून एक आणि एकच सरळ रेषा जाते, एका बिंदूतून मात्र असंख्य रेषा जातात.

समजा, गुपित म्हणजे १३ हा आकडा आहे, आणि तो चार अधिकाऱ्यांत असा वाटावयाचा आहे की, कोणत्याही दोघांना तो मिळावा. आलेखाच्या उभ्या अक्षावर १३ या उंचीवर एक खूण करावी आणि तिच्यातून वाटेल त्या चढाची एक रेषा काढावी. चढ किती ठेवावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चिठ्ठी निघाली ५ ची. म्हणजे य = १३ + ५क्ष असे समीकरण झाले. पहिल्या अधिकाऱ्याला क्ष = १ येथील उंची सांगावी, दुसऱ्याला क्ष = २ येथील, आणि असेच पुढे. यात एक दुरुस्ती मात्र हवी. साध्या आकड्यांनी हे केले, तर चढ लहान असल्याचा अंदाज बांधून लबाड अधिकारी गुपिताच्या आसपास पोहोचू शकेल. म्हणून हिशेब सतरा तासांच्या घड्याळावर करावयाचा: १७ झाले की पुन्हा शून्य. आपल्या बारा तासांच्या घड्याळात ११ नंतर तीन तासांनी २ वाजतात, तसेच हे. या घड्याळावर १३ + ५ = १८, म्हणजे १; १३ + १० = २३, म्हणजे ६; १३ + १५ = २८, म्हणजे ११; आणि १३ + २० = ३३, म्हणजे १६. चौघांना अनुक्रमे १, ६, ११ आणि १६ हे वाटे मिळाले. रेषेचा कागद जाळून टाकावा.

आता दुसरा आणि चौथा अधिकारी एकत्र आले. क्ष दोनाने वाढला तेव्हा य सहावरून सोळावर गेला, म्हणजे दहाने वाढला; तेव्हा चढ ५. दुसऱ्याच्या ६ मधून दोनदा ५ वजा केले की उणे ४, आणि सतराच्या घड्याळावर उणे ४ म्हणजे १३. गुपित हाती आले.

खरी गंमत एकट्या अधिकाऱ्याच्या बाबतीत आहे. तिसऱ्याजवळ ११ हा वाटा आहे. गुपित ८ असेल काय? असू शकेल; चढ १ असेल तर ८ + ३ = ११. गुपित ५ असेल काय? चढ २ असेल तर तेही जुळते. २ असेल काय? चढ ३ धरला की जमले. याप्रमाणे शून्यापासून सोळापर्यंत प्रत्येक आकड्यासाठी एक आणि एकच चढ सापडतो, आणि चढ चिठ्ठ्या टाकून ठरलेला असल्यामुळे सतराही शक्यता सारख्याच राहतात. वाटा हाती येण्यापूर्वी त्याला जेवढे ठाऊक होते, तेवढेच आताही ठाऊक आहे. जगातील सर्वांत बलाढ्य संगणक त्याच्या सेवेला दिला तरी यात फरक पडत नाही. नेहमीच्या गूढलेखनाची सुरक्षितता ‘उलगडायला फार काळ लागेल’ या भरवशावर असते. येथे उलगडण्याजोगे काही नसतेच. दोनाऐवजी तिघांची गणपूर्ती हवी असेल, तर सरळ रेषेऐवजी अन्वस्त घ्यावा, कारण तो निश्चित करण्यास तीन बिंदू लागतात. सहा हवे असतील तर पाचव्या घाताचे समीकरण. लिऊ यांच्या अकरा शास्त्रज्ञांना २५२ किल्ल्यांच्या जागी प्रत्येकी एक आकडा पुरतो.

सतराच का, दहा का नाही, अशी शंका चाणाक्ष वाचकाला येईल. चढ काढताना भागाकार करावा लागतो, आणि तो निर्वेधपणे होण्यासाठी घड्याळाचे तास मूळ संख्येइतके असावे लागतात. दहाच्या घड्याळावर दोनाने भागणे कधी जमतच नाही, तर कधी एकाऐवजी दोन उत्तरे येतात. मग एक दशमान अंक तिघांत असा वाटावयाचा की, प्रत्येकाचा वाटाही एकच अंक असेल आणि कोणत्याही दोघांना मूळ अंक मिळेल, हे अशक्यच म्हणावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर एका मराठी गणितज्ञाच्या कामात दडलेले आहे, म्हणून येथे थोडे थांबणे उचित होईल.

दहा ओळी आणि दहा स्तंभ यांची चौकट घ्यावी आणि प्रत्येक घरात दोन अंक लिहावे. अट अशी की, प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात पहिला अंक म्हणून ० ते ९ हे सर्व एकेकदाच यावे, दुसऱ्या अंकाचेही तसेच व्हावे, आणि शंभर घरांत अंकांची कोणतीही जोडी दोनदा येऊ नये. अशी चौकट मिळाली की काम झाले. गुपित म्हणजे ओळीचा क्रमांक. त्या ओळीतील एक घर चिठ्ठीने निवडावे. पहिल्याला त्या घराच्या स्तंभाचा क्रमांक द्यावा, दुसऱ्याला घरातील पहिला अंक आणि तिसऱ्याला दुसरा अंक. कोणतेही दोघे मिळून घर शोधू शकतात, म्हणून ओळही. एकट्याला दहाही ओळी सारख्याच दिसतात. पण अशी चौकट अस्तित्वात आहे का? लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ साली असे अनुमान केले होते की, ६, १०, १४, १८ अशा संख्यांसाठी ती कधीच बनणार नाही. सहाच्या बाबतीत ते खरेही ठरले; फ्रान्समधील गास्तों तारी यांनी १९०० च्या सुमारास सर्व शक्यता हाताने तपासून तसे दाखवले. त्यामुळे फाशावरील सहा ठिपक्यांपैकी एकाचे गुपित या नियमाने तिघांत वाटता येत नाही, मग कोणी कितीही डोके चालवो. दहाची गोष्ट मात्र निराळी निघाली. राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अमेरिकेचे ई. टी. पार्कर यांनी १९५९ साली ऑयलर यांचे अनुमान मोडीत काढले. श्रीखंडे आणि बोस यांनी प्रथम बावीसची चौकट रचली, पार्कर यांनी दहाची, आणि तिघांनी मिळून सिद्ध केले की, दोन आणि सहा सोडले तर कोठेही अडचण नाही. न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकाने ही वार्ता पहिल्या पानावर दिली. शुद्ध गणिताच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. नागपुरात शिकलेले आणि तेथेच अध्यापन केलेले श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. १९१७ साली जन्मलेल्या या गणितज्ञाने वयाची शंभरी ओलांडून २०२० साली जगाचा निरोप घेतला. त्यांनी आणि बोस यांनी चौकटी रचल्या, त्या वेळी गुपिताच्या वाटणीची कल्पना कोणी मांडलेलीही नव्हती.

गणिताकडून आता यंत्राकडे वळू. संकेतस्थळे दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये चालणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला, आणि घाईचे व्रण ती अजूनही अंगावर वागवते. या भाषेतील तयार आज्ञावल्यांच्या संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात. पुस्तकांशी तिचा संबंध नाही, पण दुसऱ्याने केलेले काम उसने आणून वापरावयाचे, एवढे साम्य आहेच. गूढलेखनासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातून २००९ साली अशी एक लायब्ररी निघाली. शमीर यांच्या पद्धतीने वाटणी करणाऱ्याही काही आहेत, आणि त्यांतील ‘सीक्रेट्स’ नावाची बरीच प्रचारात आहे. तिचे स्वरूप अगदी साधे आहे. ‘रँडम’ या आज्ञेने हव्या त्या लांबीची किल्ली बनते. ‘शेअर’ या आज्ञेला किल्ली, एकूण वाटे आणि गणपूर्ती हे तीन तपशील द्यावे, म्हणजे वाटे हाती येतात. आणि ‘कंबाइन’ या आज्ञेला पुरेसे वाटे दिले की किल्ली परत मिळते.

ही लायब्ररी सतराच्या घड्याळाऐवजी, सामान्यतः, २५६ चिन्हांच्या एका विशेष अंकपद्धतीत हिशेब करते. या जातीच्या अंकपद्धतींचा शोध वयाच्या विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात प्राणास मुकलेल्या एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाचा. शून्य ही जागा गुपितासाठी राखलेली असल्यामुळे जास्तीत जास्त २५५ वाटे पाडता येतात. प्रत्येक वाट्याच्या आरंभी अंकपद्धतीची खूण आणि वाट्याचा क्रमांक असतो. गणपूर्ती किती हे मात्र वाट्यावर कोठेही लिहिलेले नसते. ते वेगळे नोंदवून ठेवले नाही, तर दहा वर्षांनी हाती तीन वाटे घेऊन बसलेल्या माणसाला तीन पुरेत की पाच हवेत, हेच समजणार नाही.

वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावयाची पहिली गोष्ट ही की, वाटणी किल्लीची करावी, कागदपत्रांची नव्हे. शमीर यांच्या पद्धतीत प्रत्येक वाटा मूळ गुपिताएवढाच मोठा असतो; तिच्या अभेद्यतेची ती किंमतच आहे. शंभर पानांचा दस्तऐवज चौघांत वाटला तर चार दस्तऐवजांएवढा पसारा होईल. म्हणून दस्तऐवजाला वेगवान कुलूप लावावे आणि त्या कुलपाची जेमतेम ६४ चिन्हांची किल्ली तेवढी वाटावी.

दुसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. वरच्या उदाहरणात चढ चिठ्ठीने काढला होता, आणि सगळी भिस्त त्या चिठ्ठीवर आहे. जावास्क्रिप्टमध्ये यादृच्छिक संख्या देणारी एक जुनी, सोपी सोय आहे. खेळातले फासे टाकायला ती ठीक, पण पूर्वीच्या संख्या पाहून पुढच्या ओळखता येतील अशी तिची रचना असते. गुप्ततेसाठी ब्राउझरनेच पुरवलेली वेगळी सोय वापरावी लागते. गूढलेखनाच्या या अंगभूत सोयींना आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा २०१७ साली मिळाला. चांगली लायब्ररी कोणती सोय वापरते, हे पाहून घेण्याइतकी जागरूकता तरी कार्यक्रम लिहिणाऱ्याने दाखवावी. येथे चूक झाली तर बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नाही. वाटे पडतात, जुळतात, किल्ली परत येते, सर्व काही सुरळीत. फक्त कुलूप पुठ्ठ्याचे असते.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ब्राउझरमध्ये चालणारी आज्ञावली प्रत्येक भेटीला दूरच्या संगणकावरून नव्याने येते. ओरगडमच्या कारखानदाराने कागद आपल्याच यंत्रावर गूढ केला तरी गूढ करणारी आज्ञावली कोणी पाठवली? ज्याच्यापासून गुपित राखावयाचे त्यानेच कुलूप पुरवावे, असा हा व्यवहार होतो. लायब्ररीच्या मजकुराचा गणिती ठसा आधीच नोंदवून ठेवणे आणि ठसा जुळला नाही तर ब्राउझरने ती चालवण्यास नकार देणे, असा एक उपाय आहे. पण तो ठसा ज्या पानावर नोंदलेला असतो ते पानही त्याच संगणकावरून येत असेल, तर उपाय अर्धाच राहतो. या कारणाने अनेक जाणकार ब्राउझरमधील गूढलेखनाकडे साशंकतेने पाहतात. ती साशंकता अनाठायी नाही. मात्र तिच्या भरात गूढलेखनच टाळणे हे वाऱ्याने दार वाजते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे होईल.

आणखी एक धोका गणपूर्तीच्या वेळचा. चौघांपैकी एकाने मुद्दाम खोटा वाटा दिला, किंवा टंकनात एक चिन्ह चुकले, तर ‘कंबाइन’ ही आज्ञा तक्रार करीत नाही. तिला दोन बिंदू मिळाले, तिने रेषा काढली, आणि भलतीच किल्ली हाती ठेवली. अपुरे वाटे दिले तरी ती निमूटपणे काहीतरी उत्तर देतेच. म्हणून दस्तऐवजाचे कुलूप असे निवडावे की, चुकीची किल्ली लावताच ते स्पष्ट नकार देईल. आजच्या प्रमाण पद्धतींत तशी सोय असते. शिवाय वाटे जुळताच पूर्ण किल्ली क्षणभर का होईना एका यंत्राच्या स्मृतीत सबंध उभी राहते. ते यंत्र कोणाचे, कोणाच्या देखत, हे प्रश्न जुन्या पेटीच्या काळात जितके महत्त्वाचे होते तितकेच आजही आहेत.

गणपूर्ती किती ठेवावी याचा विवेक गणित शिकवीत नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील रत्नभांडाराच्या बाहेरच्या दालनाला तीन किल्ल्या: एक गजपती महाराजांकडे, एक मंदिर प्रशासनाकडे आणि एक भांडार मेकाप या सेवेकऱ्याकडे. तिन्ही एकत्र आल्याखेरीज दार उघडत नाही. चोरीपासून रक्षणाची ही उत्तम व्यवस्था. परंतु तिघांपैकी तिघे हव्यात असा नियम असला की, एक किल्ली हरवताच सर्व अडते. आतल्या दालनाच्या बाबतीत निराळ्या रीतीने हेच घडले. त्याची किल्ली सापडत नसल्याचे २०१८ साली उघड झाले, मोठा गदारोळ उठला, चौकशी आयोग नेमला गेला, आणि जुलै २०२४ मध्ये अखेर कुलुपे तोडून दालन उघडावे लागले.

इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीची जी मूळ किल्ली आहे, तिच्या बाबतीत म्हणूनच थोडी ढिलाई मुद्दाम ठेवली आहे. २०१० साली सुरू झालेल्या त्या व्यवस्थेत दोन ठिकाणी तिजोऱ्या आहेत, प्रत्येक ठिकाणी सात विश्वस्त, आणि त्यांपैकी तिघे आले की काम चालते. सर्वनाश झाला तर किल्ली पुन्हा उभी करण्यासाठी वेगवेगळ्या देशांतील आणखी सातजण नेमले गेले. त्यांच्यासाठी गणपूर्ती पाचांची. एवढी तयारी असूनही फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील एका तिजोरीचे लोखंडी कुलूपच बिघडले आणि ठरलेला विधी पुढे ढकलून ती तिजोरी भोक पाडून उघडावी लागली. पाठोपाठ महामारी आली, विमाने थांबली, आणि तीन माणसे एका खोलीत आणणे हेच दुर्घट झाले. तेव्हा काही विश्वस्तांनी आपल्या किल्ल्या मोहोरबंद पिशव्यांतून पाठवून दिल्या आणि दुरून पडद्यावर लक्ष ठेवले.

आपल्याकडील कचेऱ्यांत महामारीपेक्षा नेहमीची अडचण म्हणजे बदली. चौघांपैकी पहिला अधिकारी बदलून गेला. त्याचा वाटा त्याच्याजवळच राहिला तर काय करावे? किल्ली बदलावी, तर जुने सगळे दस्तऐवज पुन्हा कुलूपबंद करावे लागतील. यावर १९९५ साली चार संशोधकांनी सुचवलेला उपाय फार देखणा आहे. गुपित न हलवता केवळ रेषेचा कल बदलावयाचा. नव्याने चिठ्ठी टाकावी. समजा ३ निघाला. पहिल्या वाट्यात ३ मिळवावे, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात ९, चौथ्यात १२. सतराच्या घड्याळावर १, ६, ११, १६ यांचे आता ४, १२, ३, ११ झाले. रेषा झाली १३ + ८क्ष, आणि गुपित तेच, १३. नवे चारही वाटे नव्या चौघांकडे जातात, जुने नष्ट होतात. ते सर्वांनी खरोखर नष्ट केले पाहिजेत, कारण दोन जुने वाटे एकत्र आले तर ते अजूनही तीच किल्ली देतील. पण बदलून गेलेल्या त्या पहिल्या अधिकाऱ्याने आपला १ जपून ठेवला आणि पुढे केव्हातरी दुसऱ्या अधिकाऱ्याला वश करून त्याचा नवा १२ मिळवला, तर दोघांच्या रेषेचा चढ येतो ११, आणि १ मधून ११ वजा केले की उरते उणे १०. सतराच्या घड्याळावर त्याचे ७ होतात, आणि पेटी उघडत नाही.